फिरता शेतखाना : बुलढाणा जिल्ह्यातील एका जुन्या सोयीचा इतिहास

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेली गाडी घेऊन हिंडावे, मुक्काम पडेल तेथे राहावे, अशी ही कल्पना. अशी गाडी घेणाऱ्यांच्या, किंवा साध्या व्हॅनची घरच्या घरी तशी गाडी करणाऱ्यांच्या बोलण्यात पलंग, शेगडी, पंखा हे विषय लवकर मिटतात आणि एका प्रश्नावर गाडी अडते : फिरता संडास कोणता घ्यावा? बादलीवर बैठक बसवलेला, दोन टाक्यांचा रासायनिक, की लघवी वेगळी काढणारा कोरडा? लोणारचे सरोवर पाहायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. आमच्या मते बुलढाणा जिल्ह्यात तो निदान दीडशे वर्षे जुना आहे, आणि त्याची जुनी उत्तरे तपासल्याखेरीज नवे उत्तर निवडणे अवघड आहे.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत शौचाच्या जागेला जितके शब्द आहेत त्यांतले बहुतेक आडवळणाचे. बहिर्दिशेला जाणे, परसाकडे जाणे, हे शब्द दिशा दाखवतात, वस्तू दाखवत नाहीत. कारण वस्तू नव्हतीच. ज्यात वस्तू आहे तो एक जुना शब्द म्हणजे शेतखाना. ऐकणाऱ्याला त्यात शेत दिसते, पण त्याचा शेताशी संबंध नाही. तो फारसी-अरबी वळणाचा सेहतखाना, म्हणजे आरोग्याची जागा. ‘आईने अकबरी’तील शाही छावणीच्या वर्णनात हे सेहतखाने येतात. म्हणजे हा शब्द आपल्याकडे आला तोच मुळी तंबूंबरोबर, फिरत्या दरबाराबरोबर. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजाम आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. तेव्हाही सरदारांच्या डेऱ्यांमागे कनातीचा आडोसा असणार आणि हजारो शिपायांसाठी रान असणार. त्या रानाचा इतिहास कोणी लिहिला नाही.

इंग्रजी अंमलाचा लिहिला गेला. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आले. पुढे १८६०च्या दशकात जिल्ह्यांची घडी बसली आणि घाटावरचे, तुलनेने थंड हवेचे बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे झाले. जिल्ह्याच्या साहेबाचा खरा कारभार मात्र ठाण्यात चालत नसे. पावसाळा सरला, रस्ते वाळले की साहेब दौऱ्यावर निघे. घाटावर चिखली-मेहकर, घाटाखाली मलकापूर, आणि १९०५ मध्ये अकोल्याकडून खामगाव व जळगाव जामोद हे तालुके जोडले गेल्यावर तेही. हिवाळ्याचे महिने पिकांची पाहणी, महसुलाची तपासणी, तक्रारी ऐकणे, हे सारे आमराईतल्या तंबूत. सोयीच्या छावणीत तंबूंचे दोन संच असत : एकात साहेब राहिला की दुसरा रातोरात बैलगाड्यांवरून पुढच्या मुक्कामी जाई, म्हणजे सकाळी घोड्यावरून पोहोचताच न्याहारी मांडलेली. आजची कॅरॅव्हॅन जे एका इंजिनाने करते ते तेव्हा बैल, गाडीवान आणि बिगारीची माणसे करीत. ओझे तेच, ओढणारा वेगळा.

निजण्याच्या तंबूला लागून न्हाणीची छोटी राहुटी असे आणि तिच्यात कमोड ठेवलेला असे. लाकडी चौकट, झाकण, आत काढघाल करण्याजोगे भांडे. अँग्लो-इंडियन बोलीत याला ‘थंडरबॉक्स’ असे थट्टेचे नाव होते. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी १८८८ मध्ये हिंदुस्थानातील इंग्रज गृहिणींसाठी घरव्यवस्थेचे जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात नोकरांच्या यादीत मेहतर आहे आणि छावणीतल्या संसारावर स्वतंत्र विवेचनही आहे. न्हाणीच्या राहुटीला मागच्या बाजूने एक वेगळी वाट असे. त्या वाटेने मेहतर येई, भांडे उचली, रिकामे करी आणि पुन्हा ठेवी. साहेबाला तो दिसू नये अशी ती रचना. या फिरत्या संडासाचे सर्वांत महत्त्वाचे अंग चौकट नव्हे, भांडेही नव्हे. ती मागची वाट. कमोड गाडीत चढत असे आणि मेहतर गाडीमागून चालत असे.

याच सुमारास इंग्लंडमध्ये एक निराळाच प्रयोग चालला होता. डॉर्सेटमधील फोर्डिंग्टन गावचा पाद्री हेन्री मूल याने पटकीच्या साथी पाहिल्या होत्या. परसात मैला पुरताना त्याच्या ध्यानात आले की कोरडी, चाळलेली माती वर पडली की थोड्याच आठवड्यांत वास आणि घाण दोन्ही नाहीशी होतात. १८६० मध्ये त्याने आपल्या मातीच्या संडासाचे पेटंट घेतले. बैठकीमागे मातीचा हौद, एक दांडा. दांडा ओढला की ठरावीक माती खाली पडावी. पाणी नाही, नळ नाही. हिंदुस्थानातल्या सरकारला ही युक्ती फार आवडली. १८५७ नंतर गोऱ्या फौजेत लढाईपेक्षा रोगाने माणसे मरत होती. फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि बराकी, तुरुंग, इस्पितळे येथे कोरड्या मातीची पद्धत लागू होऊ लागली.

पण मूलच्या यंत्रातला दांडा समुद्र ओलांडताना जणू गळून पडला. इंग्लंडमध्ये माती टाकण्यासाठी यंत्र लागले, कारण तेथे ते काम करणारा माणूस महाग होता. येथे जातीने नेमून दिलेला माणूस होता. मग दांडा, स्प्रिंग, हौद यांवर खर्च कोण करणार? माती आली, पेटंट आले नाही. जी युक्ती मैल्याला माणसाचा हात कमी लागावा अशी होती, ती येथे येऊन त्या हाताला आणखी एक काम देऊन बसली : आता मैला उचलायचा, आणि माती वाळवून, चाळून आणायचीही. तंत्रज्ञानाच्या स्थलांतराचे इतके लख्ख उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही, आणि आपल्याकडील तंत्रज्ञानाच्या इतिहासात त्याला जेमतेम एखादी ओळ मिळते.

नगरपालिका आल्यावर हीच व्यवस्था गावात स्थिर झाली. घरामागे पाटीचे संडास, खालून पाटी सरकवण्याला भोक, आणि तेथवर जाणारी बोळ. जुन्या वाड्यांमागच्या अरुंद बोळी म्हणजे साहेबाच्या राहुटीतली ती मागची वाटच, फक्त दगडामातीत बांधलेली. गोळा झालेल्या मैल्याचे गावाबाहेर खत होई आणि त्याला आपण नाव दिले सोनखत. मालाला सोने म्हणणाऱ्या भाषेने तो वाहणाऱ्याला काय म्हटले, ते येथे लिहिण्याची गरज नाही.

या मागच्या वाटेवर पहिल्यांदा मुद्दाम उभा राहिलेला एक मराठी माणूस म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातली कामे जातीप्रमाणे वाटलेली. मैल्याचे काम ठरावीक जातींच्या कैद्यांकडे. आप्पांनी ते काम मागितले. ते ब्राह्मण, म्हणून नकार मिळाला. सक्तमजुरीची शिक्षा भोगणाऱ्याला सरकार एक मजुरी नाकारत होते! आप्पांनी अन्न कमी केले. येरवड्यात असलेल्या गांधींना हे कळल्यावर ३ डिसेंबर १९३२ रोजी त्यांनीही उपवास सुरू केला आणि सरकारकडून विचाराचे आश्वासन मिळाल्यावर तो सोडला. तुरुंगाच्या नियमावलीतील हे जातवार कामवाटप तेव्हा संपले असे कोणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधली वर्षे मोजली तर ब्याण्णव होतात.

आप्पांचे पुढचे मोठे काम बुलढाण्याच्या शेजारी झाले. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पूर्व खानदेशात फैजपूरला भरले. मलकापुराहून पश्चिमेला गेले की ते लागते. हजारो माणसांचे तात्पुरते नगर, जमिनीत गटार नाही, नळ नाही. सफाईच्या पथकाचे नेतृत्व आप्पांकडे होते आणि पथकात सवर्ण स्वयंसेवक होते. अशा ठिकाणी चराचे संडास वापरावे हा गांधींचा जुना आग्रह : उथळ चर खणायचा, बांबू-तट्ट्यांचा आडोसा करायचा, उपयोग झाल्यावर प्रत्येकाने स्वतः माती लोटायची, चर भरला की आडोसा उचलून पुढच्या चरावर न्यायचा. बारकाईने पाहिले तर येथे फिरत्या संडासाची कल्पनाच उलटी झाली आहे. साहेबाच्या छावणीत भांडे फिरे आणि मैला माणसाच्या हातून जाई. येथे मैला जेथल्या तेथे राहतो आणि फिरतो तो केवळ आडोसा. मूलच्या यंत्रातला हरवलेला दांडा म्हणजे वापरणाऱ्याचाच हात. आप्पांनी पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे हाताचा स्पर्श न होता खत करणारे संडास लोकांपुढे ठेवले, त्यामागे हेच सूत्र होते.

चराच्या संडासाला एक मर्यादा आहे आणि ती गांधीवादी साहित्यात फारशी दिसत नाही. फैजपूरचे अधिवेशन डिसेंबरात भरले. वऱ्हाडची काळी जमीन हिवाळ्यात खणावी तशी उघडते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पण मृगाचा पाऊस पडला की ती फुगते, चिकट होते आणि पाणी मुरवत नाही. चर खणला तर त्याचे डबके होते. साहेब दौऱ्यावर हिवाळ्यात जात, ते रस्त्यांसाठी; पण त्या ऋतूने त्यांच्या मेहतरालाही कोरडी माती पुरवली. भर पावसात हजारो माणसे मुक्कामी असतील तर काय करायचे, हे उत्तर ना मूलकडे होते ना फैजपूरकडे.

आणि भर पावसात हजारो माणसे मुक्कामी असतात ती वारीत. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पायी पंढरपूरला जाते. सातशे किलोमीटरहून अधिक चाल, सुमारे महिनाभराचा प्रवास. परतताना सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव असा जिल्हा उभा-आडवा ओलांडत ती घरी येते. शेगाव संस्थानाच्या शिस्तीचे आणि स्वच्छतेचे नाव सर्वत्र घेतले जाते, ते योग्यच आहे. वाटेवरच्या गावांचा आणि पंढरपूरचा प्रश्न मात्र एखाद्या दिंडीच्या शिस्तीने सुटणारा नव्हता. याच विदर्भातल्या गाडगेबाबांनी पंढरपुरात झाडू हाती घेतला आणि धर्मशाळा बांधल्या. तरी चंद्रभागेचे वाळवंट सकाळी साफ करणारे हात तेच राहिले. मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०१४-१५ च्या सुमारास न्यायालयाने वारीकाळातील शौचालयांबाबत शासनाला आदेश दिले. नदीपलीकडील ६५ एकर जागा वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी तयार झाली. पालखीमार्गावर प्लास्टिकच्या फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या राहू लागल्या त्या याच वर्षांत. आता ‘निर्मल वारी’च्या या निळ्या-पांढऱ्या पेट्या वारीच्या छायाचित्रांतही दिसतात, कडेला का होईना.

या पेट्यांनी मागच्या वाटेवर टँकर आणून उभा केला. नळी टाकी शोषते, टँकर निघून जातो. हा बदल लहान नाही. १९९३ च्या कायद्याने कोरडे संडास बांधणे आणि हाताने मैला साफ करवणे यांवर बंदी आणली, २०१३ च्या कायद्याने ती व्यापक केली. पण त्या दुसऱ्या कायद्यात एक खोच आहे. योग्य साधने आणि संरक्षक पेहराव देऊन मैला साफ करवून घेतला, तर तो करणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. हातमोजा हा येथे कायदेशीर दस्तऐवज होतो. टाक्या आणि गटारे साफ करताना माणसे मरत राहिली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाईची रक्कम दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली.

रेल्वेचा अध्याय आम्ही थोडक्यात आवरतो. १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला, कापसासाठी. त्याआधीच मलकापूर-नांदुरा-शेगावमार्गे गाडी नागपूरपर्यंत गेली होती. आगगाडीतला संडास हा देशातला सर्वांत मोठा फिरता संडास, आणि त्याचे भांडे म्हणजे दोन रुळांमधली मोकळी जमीन. फलाटाजवळचा रूळ कोण साफ करी, हे सांगायला नको. २०१० नंतरच्या दशकात डब्यांखाली जैव-टाक्या बसल्या. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने उंचावरच्या, बर्फातल्या सैनिकांसाठी जिवाणूंचे जे मिश्रण तयार केले होते, तेच येथे आले : ते हवेविना मैला कुजवते आणि मागे वायू व पाणी उरते. छावणीतून निघालेली युक्ती पुन्हा एकदा सामान्य प्रवाशापर्यंत पोहोचली. या वेळी वाटेत दांडा गळला नाही.

आता कॅरॅव्हॅनकडे. परदेशी बनावटीचा दोन टाक्यांचा संडास हे आजचे सर्वांत प्रचलित साधन. अमेरिकेतील थेटफर्ड कंपनीने १९६०च्या दशकात ‘पोर्टा पॉटी’ बाजारात आणली आणि ते नाव अशा साधनांना जातिवाचक होऊन बसले. वरच्या टाकीत पाणी, खालच्या बंद टाकीत मैला आणि रसायन. मोठ्या नमुन्याची खालची टाकी साधारण वीस लिटरची. पण हा हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. एका प्रौढ माणसाची लघवीच दिवसाला दीड लिटरच्या आसपास. त्यात धुण्याचे पाणी निदान लिटरभर आणि तेवढेच साफसफाईचे. दोन माणसे ती टाकी जेमतेम तीन दिवसांत भरतात, आणि त्यात अर्ध्याहून अधिक पाणीच असते. टाकीवरचा परदेशी आकडा पाहून लांबच्या सहलीचा बेत करणाऱ्यांनी हे गणित आधी करावे.

दुसरी बाब रसायनाची. जुन्या प्रकारच्या द्रवांत फॉर्माल्डिहाइड असते. शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रेत टिकवण्यासाठी वापरतात तेच. ते मैला कुजू देत नाही, म्हणून वास येत नाही. अशी टाकी एखाद्या लॉजच्या छोट्या सेप्टिक टँकमध्ये ओतली तर तेथले काम करणारे जिवाणूही मरतात. ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने जे जिवाणू कष्टाने वाढवले त्यांच्या नेमके उलट हे औषध. म्हणून घ्यायचाच तर जैविक द्रवावर चालणारा घ्यावा.

आमचा कौल मात्र लघवी वेगळी काढणाऱ्या कोरड्या संडासाला आहे. लघवी पुढच्या डब्यात, मैला मागच्या भांड्यात, वर राख, लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या काथ्याचा चुरा. ओलावा वेगळा झाला की वासाचे बळ जाते. म्हणजे पाद्री मूल पुन्हा आपल्या दारी, फक्त मातीऐवजी राख. धुण्याची सोय मात्र स्वतंत्र लागते, आणि ती बहुतेक परदेशी नमुन्यांत नसते. बैठकीशेजारी वेगळे तसराळे ठेवून ती करावी लागते. अडचण आहे, पण वीस लिटर मैलापाणी गाडीत हिंदकळत नेण्यापेक्षा ती बरी. कोरडा मैला लगेच खत होत नाही, त्याला कित्येक महिने झाकून ठेवावे लागते. तेव्हा तो घरी परत आणण्याची तयारी असेल तरच हा मार्ग धरावा.

लोणारच्या बाबतीत तर हे विशेष महत्त्वाचे. ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, आणि त्यातून पाणी बाहेर नेणारा एकही ओढा नाही. आत जाते ते आतच राहते. उडते ती फक्त वाफ. २००० मध्ये ते अभयारण्य झाले, नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळ. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले ते खारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, असा निष्कर्ष पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढला. लोणार गाव विवराच्या काठावर वसलेले आणि गावाच्या सांडपाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला. अशा काठावर रात्री उशिरा, कोणी पाहत नाही असे समजून झुडपामागे रिकामी केलेली टाकी उताराने कोठे जाणार, याला भूगोलाच्या पदवीची गरज नाही.

म्हणून गाडी घेऊन निघण्यापूर्वी मुक्कामाच्या जागी दूरध्वनी करून तीन गोष्टी विचाराव्यात : तुमचा सेप्टिक टँक केवढा आहे, त्यात आमची टाकी ओतू द्याल का, आणि तो उपसायला यंत्राची गाडी येते की माणूस उतरतो. तिसऱ्या प्रश्नाला जर ‘माणूस येतो’ असे उत्तर आले, तर टाकी बंद करून पुढे न्यावी.